जुन्या जॅझ रेकॉर्डचा आवाज, इंदूरच्या दिवाणखान्यात

जॅझ रेकॉर्डिंगचा अमेरिकन इंजिनिअर रुडी व्हॅन गेल्डर १९५९ पर्यंत आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करत होता. गाव न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक, आणि पोटापाण्याचा धंदा डोळे तपासून चष्मे देण्याचा. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलॉसस' आणि जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' हे दोन्ही अल्बम त्याच खोलीतले. तिकडे लॉस एंजेलिसला कंटेम्पररी कंपनीचा इंजिनिअर रॉय ड्यूनॅन, जिथून रेकॉर्डांची खोकी रवाना व्हायची त्या मागच्या खोलीत माइक मांडायचा. तेव्हा इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात कुणाच्या हॉलमध्ये पाच वादक बसवून जॅझ रेकॉर्ड करायचं म्हटलं तर त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. फक्त पद्धत त्या काळाची पाळायची: सगळे एका खोलीत, एकमेकांना दिसतील असे, कानाला हेडफोन नाही, आणि आवाजाचा तोल वाजवणाऱ्यांनी खोलीतच जमवायचा. 'नंतर मिक्सिंगमध्ये बघू' हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारायचं नाही.

खाली जे दिलं आहे ते एक सॅक्सोफोन, एक ट्रंपेट, पियानो किंवा कीबोर्ड, बास आणि ड्रम अशा पाच जणांसाठी आहे.

आधी तारीख, मग बाकीचं

इंदुरात हे काम करायला सगळ्यात सोयीचा महिना म्हणजे खरमास, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. लग्नं बंद असल्यामुळे बँडवाले मोकळे असतात आणि रस्त्यावर वराती नसतात. शिवाय पंखा बंद ठेवून तीन तास बसता येतं, जे एप्रिल-मेमध्ये अशक्य. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) यांच्या आसपासचे दिवस राजवाडा परिसरात विसराच. सराफ्याजवळचं घर असेल तर रात्रीचाही विचार नको, तिथली रात्र खवय्यांची.

दिवसातली वेळ ठरवताना सकाळची कचरागाडी लक्षात घ्या. तिचं गाणं गल्लीच्या टोकापासून ऐकू येतं आणि ते बारीक आवाजाच्या बॅलडमध्ये (संथ चालीत) हमखास सापडतं. वसाहतींत दुपारी १ ते ४ हा वेळ सर्वांत शांत. आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी मोबाइलवर अर्धा तास नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. शेजारची कपडे धुण्याची मोटर, कबुतरं, कुकरच्या शिट्ट्या सगळं त्यात येतं. रोलिन्सचा 'वे आउट वेस्ट' १९५७ साली पहाटे ३ वाजता सुरू झालेल्या सेशनमध्ये झाला, कारण वादकांना दुसरी वेळच मोकळी नव्हती. वेळ वादकांच्या सोयीची हवी, आणि मग त्या वेळेची शांतता आपण मिळवायची.

वादक: बास आणि ड्रम पहिले

बहुतेक जण सॅक्सवाला शोधायला निघतात. सुरुवात उलट करावी. त्या काळच्या रेकॉर्डांवरची नावं बघा: 'काइंड ऑफ ब्लू', 'ब्लू ट्रेन', 'जायंट स्टेप्स' या तिन्हींवर बास पॉल चेंबर्सचा आहे, आणि कंपन्या तीन वेगवेगळ्या. जानेवारी १९५७ मध्ये सॅक्सवाल्या आर्ट पेपरने लॉस एंजेलिसला जो अल्बम केला, त्यात ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची अख्खी ऱ्हिदम सेक्शन उसनी घेतली होती: पियानोवर रेड गार्लंड, बासवर चेंबर्स आणि ड्रमवर फिली जो जोन्स. तिघं रोज एकत्र वाजवणारे, त्यामुळे चौथा नवा माणूस वर सहज बसला. इंदुरातही हाच नियम लावा. ऑर्केस्ट्रा पार्टीत किंवा चर्चमध्ये एकत्र वाजवणारी बास-ड्रमची जोडी मिळाली तर ती जोडीनेच घ्या. दोन उत्तम अनोळखी वादकांपेक्षा सवयीचे दोन साधारण वादक इथे जास्त उपयोगी पडतात.

डबल बास मिळणं कठीण आहे, तेव्हा इलेक्ट्रिक बास घ्यायचा. फक्त त्याला फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा चढवा आणि ब्रिजपाशी तारांखाली बोटभर रुंद फोमची पट्टी सरकवा. सूर लवकर विझतो आणि डबल बासच्या जवळ जातो. नव्या राउंडवाउंड तारांची खणखण या संगीतात सारखी टोचत राहते.

सॅक्स आणि ट्रंपेट वाजवणारे लग्नाच्या बँडमध्ये आहेत, आणि त्यांतल्या काहींचा फुंकीवरचा ताबा बघण्यासारखा असतो. अडचण एवढीच की त्यांची सवय रस्त्यावर डीजेला पुरून उरायची. हॉलमध्ये तोच जोर आला तर ड्रमवाला वाढवतो, मग बासवाला, आणि दहा मिनिटांत सगळे ओरडू लागतात. सॅक्सला कडक रीड (फुंकीने थरथरणारी वेताची पट्टी) असेल तर अडीच नंबरची लावून बघा आणि सरावाच्या पहिल्या अर्ध्या तासात फक्त लांब, दबक्या सुरांचं काम घ्या. वाद्याचा सूरही तपासा. ब्रिटिश ब्रास बँडांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ए चा सूर (पांढरी सहा) आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपास चालत असे. त्या मापाचं जुनं वाद्य हाती आलं तर माउथपीस किंवा ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढूनही ४४० ला नीट उतरत नाही, काही सूर वर राहतात आणि काही खाली. असं वाद्य सरावाच्या आधीच बाजूला ठेवलेलं बरं.

कागद आणि सराव

ट्रंपेट आणि टेनर सॅक्सवर 'सी' लिहिलेला सूर वाजवला की ऐकू येते काळी पाच, आल्टोवर ऐकू येते काळी दोन. म्हणून एकच कागद सगळ्यांना देऊन चालत नाही. पांढरी चार, म्हणजे एफ मधला ब्लूज असेल तर पियानो-बासच्या कागदावर एफ, ट्रंपेट आणि टेनरच्या कागदावर जी, आल्टोच्या कागदावर डी. जॅझच्या चाली काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत इतक्या का सापडतात, याचं एक कारण हेच: फुंकवाद्यांच्या बोटांना त्या सोप्या जातात.

ज्यांचे कान तबल्यावर तयार झाले आहेत त्यांना रचना मात्रांत सांगा. बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण) ब्लूज म्हणजे ४८ मात्रा, तीनतालाची तीन आवर्तनं. ३२ बारची चाल म्हणजे आठ आवर्तनं, त्यात पहिली चार एकाच चालीची, पुढची दोन वेगळी, शेवटची दोन पुन्हा पहिल्यासारखी. स्विंग समजावताना प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून मधला गाळायला सांगा. लय चढली की हे प्रमाण आपोआप सपाट होतं, तिथे हट्टाने तीन भाग मोजत बसलं की वादन लंगडतं.

कागद आणि चालीचं कच्चं रेकॉर्डिंग किमान आठवडाभर आधी प्रत्येकाच्या मोबाइलवर गेलं पाहिजे, आणि ज्या लयीत वाजवायचं त्याच लयीत गेलं पाहिजे. 'जायंट स्टेप्स'च्या मे १९५९ च्या टेकमध्ये (सलग वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) टॉमी फ्लॅनगनचा पियानो सोलो अडखळत, तुकड्यातुकड्यांत जातो. हा तोच फ्लॅनगन, ज्याने तीन वर्षं आधी रोलिन्सबरोबर पाणीदार वाजवलं होतं. कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात आणि लय इतकी चढी, की तयारीशिवाय कुणीही तिथे अडकावं.

ब्लू नोट कंपनीचा आल्फ्रेड लायन वादकांना सरावाचेही पैसे द्यायचा, प्रेस्टिज कंपनीची रीत तशी नव्हती. दोन्ही रीतींनी थोर रेकॉर्ड झाल्या. माइल्स डेव्हिसच्या पंचकाने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोनच दिवसांत प्रेस्टिजसाठी चार अल्बम भरतील एवढं रेकॉर्ड केलं, पण ते पंचक आधीपासून क्लबांत एकत्र वाजवत होतं. आपलं तसं नाही. म्हणून तीन-तीन तासांचे दोन सराव धरा, त्यांचं मानधन वेगळं द्या, आणि सराव ज्या खोलीत रेकॉर्ड करायचं तिथेच घ्या.

खोली

किमान २० बाय १५ फूट आणि १० फूट उंची असावी. चौरस खोली टाळा. लांबी-रुंदी सारखी असली की एकाच खालच्या सुरावर खोली घुमते आणि बासची एखादी नोट दुप्पट मोठी, शेजारची गायब, असं होतं. जुन्या घरांतले लाकडी कड्यांचे, कोनाडे-कपाटांचे हॉल यासाठी उत्तम, कारण आवाज विखुरतो. गुळगुळीत टाइल्स आणि रिकाम्या भिंतींचा नवा फ्लॅट सर्वांत त्रासाचा.

मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागे 'झर्रर्र' असा धातूचा आवाज उरला तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज चेंडूसारखा टोलवताहेत. टेंट हाऊसमधून आठ कापसाच्या गाद्या आणि दोन मोठ्या सतरंज्या भाड्याने आणा. एक सतरंजी ड्रमखाली, एक फुंकवाद्यांच्या पायाखाली. गाद्या भिंतीला चिकटवू नका, चार इंच अंतर सोडून खुर्च्यांच्या पाठीला टेकवून उभ्या करा. चिकटवलेली गादी फक्त वरचे सूर खाते. अंतर सोडलं की गादीची जाडी आणि मागची हवा मिळून खालपर्यंत काम करतात. आठपैकी तीन ड्रमच्या मागे, दोन फुंकवाद्यांच्या पाठीशी, बाकीच्या टाळीचा आवाज जिथून परततो तिथे. छताला काही लावू नका. भिंती पूर्ण झाकून टाकणं ही नेहमीची चूक. खोली मेली की वादकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ते जोर लावतात, आणि रेकॉर्डिंग कोरडं होऊन वर कर्कशही होतं.

मग वीज. फ्रिज, पंखे, डिमरवरचे दिवे बंद. इन्व्हर्टरच्या लाइनवर काही जोडू नका. रेकॉर्डिंगचं सगळं सामान आणि बासचा अँप्लिफायर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या, दोन वेगळ्या बोर्डांवर घेतलं की ५० हर्ट्झची घूं येण्याची शक्यता वाढते. लॅपटॉपचा चार्जर लावला की बारीक किणकिण येत असेल तर टेक बॅटरीवर घ्या.

कोण कुठे बसेल

लांब हॉलच्या एका छोट्या भिंतीपाशी ड्रम, कोपऱ्यापासून किमान तीन फूट आत. कोपऱ्यात बास ड्रम फुगतो. भाड्याचा ड्रमसेट बहुधा रॉकचा असतो: २२ इंची बास ड्रम, आत उशी कोंबलेली. उशी काढा, दोन्ही बाजूंची कातडी चढवून घ्या, तो धप्प न वाजता सुरात गुंजला पाहिजे. १८ किंवा २० इंची मिळाला तर फारच छान. काठ्या ५बी ऐवजी ७ए, आणि दोन चालींसाठी ब्रश.

ड्रमरच्या डाव्या हाताला, हायहॅटच्या (पायाने वाजवायच्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, तीन-चार फुटांवर बासवाला. त्याचा छोटा अँप्लिफायर जमिनीवर नको, खुर्चीवर ठेवा, म्हणजे तो कानाच्या उंचीवर येतो आणि कमी आवाजात सगळ्यांना पुरतो. बाजूच्या लांब भिंतीशी पियानो. जुन्या घरात अपराइट पियानो असेल तर नशीब समजा: तो भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा, वरचं झाकण उघडा, आदल्या दिवशी सुरात लावून घ्या. तो ४४० ला येत नसेल तर ओढाताण करून तारा तोडू नका, बाकीच्यांनी त्याच्या सुराला मिळवून घ्यायचं. कीबोर्ड असेल तर त्याचाही आवाज स्पीकरमधून खोलीत आला पाहिजे. तो नुसता वायरीने लॅपटॉपमध्ये गेला तर बाकीचे चौघं त्याच्याशिवाय वाजवत असतात.

सॅक्स आणि ट्रंपेट ड्रमकडे तोंड करून, आठ-दहा फुटांवर. सगळ्यांची नजरानजर झाली पाहिजे, विशेषतः पियानो आणि ड्रमची, कारण शेवट तिथून ठरतो.

आता एकही माइक न लावता पूर्ण चाल वाजवून घ्या. तुम्ही फुंकवाद्यांच्या मधोमध उभे राहा. बासचा प्रत्येक सूर वेगळा कळतो का? कळत नसेल तर बास वाढवू नका, ड्रम कमी करा. ट्रंपेट टोचत असेल तर त्याला एक पाऊल मागे घ्या आणि घंटा (वाद्याचं रुंद तोंड) जरा खाली, सतरंजीकडे झुकवायला सांगा. हे पाऊण तास चाललं तरी चालेल.

माइक

पाच माइक पुरतात, अगदी गरज पडल्याशिवाय सहावा लावू नका. जितके माइक उघडे, तितक्या वेळा ड्रमचा आवाज थोड्या थोड्या उशिराने नोंदला जातो आणि सगळं मिळून धूसर होतं. आवाजाला एक फूट जायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. आठ फुटांवरच्या सॅक्सच्या माइकमध्ये स्नेअर (ड्रमसेटमधला कडकडणारा ड्रम) सातेक मिलिसेकंदांनी पोचतो. असा एखादाच माइक असेल तर त्याने खोली मोठी वाटते. असे चार झाले तर चिखल.

सॅक्सला कंडेन्सर माइक, १२ ते १५ इंचांवर, रोख घंटेत नको, घंटा आणि डाव्या हाताच्या चाव्या यांच्या मधोमध. सॅक्सचा आवाज उघड्या भोकांतूनही येतो. घंटेत रोखलेला माइक खालचे सूर फुगवतो आणि वरचे पातळ करतो. ट्रंपेटला दीड ते दोन फूट, घंटेच्या रेषेपासून हातभर बाजूला. इथे डायनॅमिक माइक, अगदी शुअर एसएम ५७ सुद्धा, छान काम करतो. दोघं ड्रमकडे तोंड करून बसल्यामुळे दोन्ही माइकांची पाठ आपोआप ड्रमकडे येते, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्या दोघांच्या माइकांतलं अंतर, माइक ते वाद्य या अंतराच्या किमान तिप्पट असावं, म्हणजे पाच-सहा फूट.

एक पर्याय आम्हाला जास्त आवडतो: आठच्या आकड्याचा पॅटर्न असलेला एकच माइक मध्ये, सॅक्स एका तोंडाशी, ट्रंपेट दुसऱ्या तोंडाशी, समोरासमोर. हा माइक दोन्ही कुशींनी जवळजवळ बहिरा असतो. ती कूस ड्रमकडे केली की लीकेज (माइकमध्ये शिरणारा ड्रमचा आवाज) निम्म्याहून कमी. शिवाय दोघं एकमेकांकडे बघून वाजवतात, त्यामुळे चालीतल्या एकत्र जागा घट्ट बसतात. ट्रंपेट मोठा वाटला तर तो अर्धं पाऊल मागे, बस्स. तोट्याची बाजू अशी की नंतर एकाला वेगळं वाढवता येत नाही.

ड्रमला डोक्यावर एकच माइक, स्नेअरच्या वर साडेतीन फूट, रोख स्नेअर आणि फ्लोअर टॉम यांच्या मध्ये. बास ड्रमचा वेगळा माइक आधी लावूच नका. त्याशिवाय ऐका, कमी वाटला तरच पुढच्या कातडीपासून अर्ध्या फुटावर लावा आणि सिग्नलची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटसुलट करून बघा. ज्या बाजूला ड्रम भरीव वाटतो ती ठेवा. बासच्या अँप्लिफायरला चार इंचांवर एक, आणि सोबत वायरीने थेट एक ट्रॅक. अपराइट पियानोला मागच्या लाकडी फळीपासून फूटभर.

पारख अशी: प्रत्येक माइक एकटा उघडून ऐका, पण त्याचं मुख्य वाद्य गप्प असताना. सॅक्सच्या माइकमध्ये लांबचा ड्रम ऐकू येणारच. तो लांबचा पण पूर्ण वाटला तर ठीक. पत्र्यासारखा वाटला तर दोष माइकचा नाही, ड्रममागच्या उघड्या भिंतीचा. तिथे अजून एक गादी उभी करा.

पातळी आणि पहिला सूर

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात जोराची जागा वाजवून घ्या आणि शिखर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. टेकमध्ये माणूस तपासणीपेक्षा जोरात वाजवतो. सहा ट्रॅकना मिनिटाला ५२ एमबी लागतात, म्हणजे तीन तासांना साडेनऊ जीबीच्या आसपास.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ४४० चा सूर दहा सेकंद रेकॉर्ड करा. 'काइंड ऑफ ब्लू'च्या २ मार्च १९५९ च्या सत्रात टेपचं यंत्र हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही चाली कित्येक वर्षं चढ्या सुरात विकल्या गेल्या. दुरुस्ती झाली ती १९९० च्या दशकात, बरोबर चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून. टेप गेली तरी हा घोटाळा गेलेला नाही: ४४.१ ची फाइल कुणी ४८ समजून उघडली की सगळं जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमिटोन) चढतं आणि पळू लागतं. त्या दहा सेकंदांवर ट्यूनर धरला की लगेच कळतं.

थंडीत सकाळी वाद्यं गार असतात. फुंकवाद्यांनी पंधरा मिनिटं वाजवून ऊब आणल्यावरच सूर मिळवायचा, आणि दर तासाला पुन्हा तपासायचा. हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंटांनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, पण कीबोर्ड जागेवरच राहतो. आणि हो, पोहे-जिलेबी सत्र संपल्यावर. आधी दिलीच तर गुळण्या करायला लावा. जिलेबीच्या पाकाने सॅक्सची पॅडं चिकटतात आणि शांत जागेत 'टिच' असा आवाज करत उघडतात.

टेक

न्यूयॉर्कच्या वादक संघटनेच्या मापात एक सेशन तीन तासांचं असायचं. तेच माप ठेवा, आणि त्यात चार चाली. सुरुवात मध्यम लयीच्या ब्लूजने करा, कठीण चाल दुसरी, बॅलड शेवटी नको. शेवटपर्यंत फुंकणाऱ्यांचे ओठ थकतात आणि लांब दबके सूर थरथरतात. बॅलड तिसरी.

प्रत्येक टेकच्या आधी चालीचं नाव आणि टेकचा नंबर मोठ्याने बोला. एका चालीचे तीन पूर्ण टेक, चौथा नाही. चौथ्याला चुका कमी होतात आणि सोलो पाठ केल्यासारखे येतात. चालीच्या पहिल्या चार बारमध्ये घसरलं तर थांबवा. सोलोत घसरलं तर थांबवू नका, कारण पुढे काय येईल सांगता येत नाही. शेवटची झांज पूर्ण विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. सर्वांत चांगले टेक इथेच वाया जातात: कुणीतरी 'वा!' म्हणतं.

सोलोंनंतर शेवटी परत येणारी मूळ चाल बिघडली तर फक्त ती पुन्हा वाजवून जोडता येते. पण त्याच बैठकीत, लगेच, आणि आधीच्या आठ बारपासून, म्हणजे लय आणि खोली जुळते. सांधा मोठ्या झांजेच्या ठोक्याच्या केसभर आधी. विझत्या झांजेच्या मध्ये कापलं तर शेपूट तुटलेली ऐकू येते. एकमेकांच्या माइकांत सगळे आहेत, तेव्हा सगळे ट्रॅक एकाच जागी कापायचे. एकट्या सॅक्सचा चुकलेला सूर बदलायला जाऊ नका, जुना सूर ड्रमच्या माइकमध्ये बसलेलाच असतो.

घुमणारी खोली

कोलंबिया कंपनीचा न्यूयॉर्कमधला ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे मुळातलं चर्च, पण तिथेही तळघरातल्या सिमेंटच्या खोलीत स्पीकर आणि माइक ठेवून घुमारा वेगळा घेत. आपल्याकडे यासाठी जिना आहे. जुन्या घराचा दगडी किंवा फरशीचा जिना न्हाणीघरापेक्षा सरस, कारण छोट्या न्हाणीघरात १०० हर्ट्झच्या आसपासचे सूर डबा वाजवल्यासारखे घुमतात.

खालच्या पायरीपाशी स्पीकर, तोंड कोपऱ्याकडे, म्हणजे थेट आवाज माइकला मिळत नाही. वरच्या वळणावर माइक, स्पीकरकडे पाठ करून. निवडलेल्या टेकचा फक्त सॅक्स-ट्रंपेट आणि थोडा पियानो या स्पीकरमधून वाजवा, २०० हर्ट्झच्या खालचं कापून. बास आणि ड्रम पाठवू नका. परत आलेला आवाज एका ट्रॅकवर घ्या आणि मूळ आवाजात इतकाच मिसळा की बंद केल्यावर उणीव भासावी, चालू असताना लक्ष जाऊ नये. हे काम रात्री उशिरा करा, आणि गच्चीवरच्या टाकीचा थेंब थेंब गळणारा नळ आधी बंद करून घ्या.

मिक्स आणि नावं

मिक्समध्ये तीनच जागा वापरा: डावी, मधली, उजवी. बास मध्ये, ड्रम एका बाजूला, पियानो दुसऱ्या बाजूला, फुंकवाद्यं मध्ये किंवा जशी बसली होती तशी. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारं साधन) लावायचाच तर काढण्यासाठी लावा, घालण्यासाठी नको. शिखर उणे १ डीबीवर ठेवून थांबा, आवाज फुगवणारे लिमिटर लावू नका. ड्रमरने खोलीत जमवलेला चढउतार त्यानेच मरतो.

वादकांच्या नावांचा कागद सत्राच्या दिवशीच भरा, आठवणीवर सोडू नका. चालीचं नाव, टेक, तारीख, जागा, लय, पट्टी, आणि त्या त्या चालीत कोण काय वाजवतंय. नुसती अल्बमभरची यादी पुरत नाही: 'काइंड ऑफ ब्लू'वर पियानो बिल एव्हान्सचा आहे, पण 'फ्रेडी फ्रीलोडर' या एका चालीत तो विंटन केलीचा. त्याच अल्बमच्या पहिल्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन चालींची नावं आपसांत बदलून छापली गेली होती, तेव्हा फाइलला नाव देतानाही कागद समोर हवा. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रांत गोव्याच्या वादकांनी आयुष्यं घालवली, पण रेकॉर्डच्या वेष्टणावर त्यांची नावं क्वचितच आली. ती आता शोधावी लागतात.

मानधनाचा आकडा आणि 'हे इंटरनेटवर टाकायला हरकत नाही' ही संमती त्याच कागदावर, सहीनिशी. अमेरिकेत संघटनेच्या दरानुसार सेशनच्या म्होरक्याला बाकीच्यांच्या दुप्पट मिळायचं. तुम्ही काय द्यायचं ते सरावाच्या आधी बोलून घ्या. दुसऱ्याची चाल वाजवली असेल तर तिची परवानगी वेगळी लागते. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क राहतो, त्यामुळे १९५०-६० च्या दशकातल्या बहुतेक गाजलेल्या चाली मोकळ्या नाहीत. स्वतःचा ब्लूज लिहिणं स्वस्त पडतं.

सगळ्या ट्रॅकच्या दोन प्रती, वेगवेगळ्या डिस्कवर आणि वेगवेगळ्या घरांत. न निवडलेले टेकही पुसू नका.